ए.व्ही. रिसीव्हरचे आपोआप बंद पडणे

ए.व्ही. रिसीव्हर हे घरगुती चित्रपटगृहाच्या, म्हणजेच होम थिएटरच्या, ध्वनियोजनेतील मध्यवर्ती उपकरण होय. वापरणाऱ्याने बटण दाबले नसताना हे उपकरण स्टँडबाय अवस्थेत जाणे किंवा पूर्णपणे बंद होणे, ही त्याच्याविषयीची एक नेहमीची तक्रार आहे. हा बिघाड आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हे उपकरणातील संरक्षण परिपथाचे नेमून दिलेले काम असते. घरातील एम.सी.बी. जसा वायरिंगमधील दोषामुळे खाली पडतो, तसाच रिसीव्हर स्पीकरच्या तारा, उष्णता, वीजपुरवठा किंवा स्वतःचे अंतर्गत भाग यांतील एखाद्या दोषामुळे बंद होतो. त्यामुळे तो पुन्हापुन्हा चालू करून पाहण्यापेक्षा तो केव्हा व कोणत्या परिस्थितीत बंद पडतो, याचे निरीक्षण करणे निदानाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरते. काही वेळा या घटनेमागे दोष नसून केवळ वीजबचतीची किंवा दूरचित्रवाणी संचाशी असलेल्या जोडणीची मांडणी कारणीभूत असते.

## रचना

ए.व्ही. रिसीव्हरमध्ये अनेक उपकरणे एकत्र आणलेली असतात. डिस्क प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, दूरचित्रवाणी संच इत्यादींकडून येणाऱ्या संकेतांतून हवा तो निवडणे, डॉल्बी डिजिटलसारख्या पद्धतींनी सांकेतिक केलेला ध्वनी उलगडून निरनिराळ्या चॅनेलांत वाटणे, प्रत्येक चॅनेलचा ध्वनी स्पीकर चालवण्याइतका प्रबळ करणे आणि चित्र दूरचित्रवाणी संचाकडे पाठवणे ही त्याची मुख्य कामे आहेत. ५.१ योजनेत पाच पूर्ण चॅनेल आणि मंद्र ध्वनीसाठी एक वेगळे चॅनेल असते. ७.१ योजनेत पूर्ण चॅनेलांची संख्या सात होते.

पारंपरिक रिसीव्हरमध्ये आकारमानाने व वजनाने सर्वांत मोठा भाग रोहित्राचा असतो. रोहित्रातून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह रेक्टिफायरच्या साहाय्याने दिष्ट प्रवाहात, म्हणजे डी.सी.मध्ये, बदलला जातो आणि मोठ्या धारित्रांत साठवला जातो. या धारित्रांवर सामान्यतः धन व ऋण अशा दोन्ही बाजूंना सुमारे ४० ते ७० व्होल्ट दाब असतो. त्यावर शक्तिविवर्धक, म्हणजेच पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, चालतात.

शक्तिविवर्धकातील ट्रान्झिस्टर मोठ्या प्रमाणात उष्णता निर्माण करतात. घरगुती रिसीव्हरांत प्रचलित असलेल्या ए-बी वर्गाच्या विवर्धकाची कार्यक्षमता सैद्धांतिकदृष्ट्यासुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. व्यवहारात ती बरीच कमी असते. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता वाहून नेण्यासाठी ट्रान्झिस्टर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या हीट सिंकवर बसवलेले असतात आणि वरच्या झाकणाला हवेसाठी झरोके ठेवलेले असतात.

## संरक्षण परिपथ

### उगम

निर्वात नळ्यांच्या जुन्या विवर्धकांत नळ्या आणि स्पीकर यांच्यामध्ये एक रोहित्र असे. रोहित्रातून दिष्ट प्रवाह पलीकडे जात नसल्यामुळे विवर्धकात बिघाड झाला तरी स्पीकर सहसा सुरक्षित राही. ट्रान्झिस्टरचे विवर्धक आल्यावर हे रोहित्र अनावश्यक ठरले. आरंभीच्या रचनांत त्याची जागा एका मोठ्या धारित्राने घेतली आणि तेही दिष्ट प्रवाह अडवत असे. पुढे धन-ऋण अशा दुहेरी पुरवठ्यावर चालणाऱ्या रचनेमुळे ट्रान्झिस्टर थेट स्पीकरला जोडणे शक्य झाले. आवाजाची गुणवत्ता त्यामुळे वाढली, पण दिष्ट प्रवाह अडवणारा भाग मात्र नाहीसा झाला.

यातील धोका आकड्यांवरून ध्यानात येतो. ८ ओहमच्या स्पीकरच्या वेटोळ्याचा दिष्ट प्रवाहाला होणारा रोध सुमारे ६ ओहम असतो. विवर्धकातील एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन ५० व्होल्टचा दिष्ट दाब त्याच्यावर आला, तर ८ अ‍ॅम्पिअरहून अधिक प्रवाह वाहतो आणि वेटोळ्यात ४०० वॅटहून अधिक उष्णता सतत निर्माण होते. संगीत वाजत असताना वेटोळे मागेपुढे हलते व हवेने काही प्रमाणात थंड होते. दिष्ट प्रवाहात मात्र ते एका टोकाला ताणून स्थिर राहते. परिणामी काही क्षणांत ते जळते आणि क्वचित स्पीकरचा कागदी शंकू पेट घेण्याचीही शक्यता असते. म्हणून विवर्धक आणि स्पीकर यांच्यामध्ये रिले बसवण्याची पद्धत रूढ झाली. या कामासाठी खास एकात्मिक परिपथही तयार झाले. एन.ई.सी. या जपानी कंपनीचा यू.पी.सी. १२३७ हा त्यांतील एक बहुप्रचलित परिपथ होय.

### कार्य

रिसीव्हर चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज ऐकू येतो, तो रिले जोडला गेल्याचा असतो. तेवढ्या अवधीत संरक्षण परिपथ अंतर्गत दाब स्थिर झाले आहेत का, हे पाहतो. त्यानंतरही तो पुढील बाबींवर सतत लक्ष ठेवतो :

- स्पीकरकडे जाणाऱ्या मार्गावर दिष्ट दाब आला आहे का
- ट्रान्झिस्टरांतून मर्यादेबाहेर प्रवाह वाहत आहे का
- हीट सिंकचे किंवा रोहित्राचे तापमान मर्यादेबाहेर गेले आहे का
- अंतर्गत वीजपुरवठ्याचे निरनिराळे दाब योग्य आहेत का

यांपैकी कोणतीही गोष्ट बिघडल्यास सूक्ष्मप्रक्रियक रिले तोडतो व उपकरण स्टँडबायमध्ये नेतो. अनेक रिसीव्हर त्याच वेळी कारणाचा संकेतही देतात. डेनॉन कंपनीच्या अनेक मॉडेलांत तांबडा दिवा सुमारे २ सेकंदांच्या अंतराने लुकलुकला तर तापमानवाढ, आणि सुमारे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लुकलुकला तर स्पीकरकडील दोष किंवा अंतर्गत बिघाड सूचित होतो. यामाहाच्या अनेक मॉडेलांत स्पीकरच्या तारा तपासण्याची, तर सोनीच्या काही मॉडेलांत 'प्रोटेक्ट' अशी सूचना पडद्यावर उमटते. या संकेतांचा अर्थ मॉडेलनुसार बदलतो, म्हणून तो त्या त्या उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत पाहावा लागतो.

## बंद पडण्याची वेळ आणि संभाव्य कारण

रिसीव्हर नेमका केव्हा बंद पडतो, यावरून कारणाचा शोध बराच सोपा होतो.

- चालू करताच, रिलेचा आवाज येण्यापूर्वी : ट्रान्झिस्टर शॉर्ट होणे, स्पीकरच्या मार्गावर दिष्ट दाब येणे किंवा अंतर्गत वीजपुरवठ्यातील बिघाड.
- रिलेचा आवाज आल्यावर लगेच : स्पीकरच्या तारा एकमेकींना टेकणे किंवा स्पीकरचे वेटोळे शॉर्ट होणे.
- आवाज वाढवल्यावर, विशेषतः स्फोट किंवा ढोलासारख्या मंद्र ध्वनीच्या वेळी : स्पीकरचा संरोध फार कमी असणे, तारेचा सुटा तंतू कंपनाने टेकणे किंवा वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खाली येणे.
- अर्ध्या-पाऊण तासाने, उपकरण तापलेले असताना : हवा खेळती नसणे, झरोक्यांत धूळ साचणे, पंखा बंद पडणे.
- दर वेळी ठरावीक मिनिटांनी, उपकरण थंड असताना : स्लीप टायमर किंवा आपोआप स्टँडबायची मांडणी.
- दूरचित्रवाणी संच बंद किंवा चालू करताना : एच.डी.एम.आय. तारेतून येणारी नियंत्रण-आज्ञा.
- अनियमितपणे, धक्का लागल्यावर किंवा तार हलल्यावर : सैल प्लग, तडकलेला डाख, गंजलेली जोडणी.

## कारणे

### स्पीकर व त्यांच्या तारा

स्पीकरची तार तांब्याच्या अनेक बारीक तंतूंची बनलेली असते. तार सोलून जोडताना त्यांतील एखादा तंतू बाहेर राहून शेजारच्या टोकाला टेकला, तरी शॉर्ट सर्किट होते. गालिच्याखालून किंवा दाराच्या फटीतून नेलेल्या तारेचे आवरण झिजणे, तसेच उंदराने ते कुरतडणे, हीसुद्धा नेहमी आढळणारी कारणे आहेत.

दुसरे कारण संरोधाचे, म्हणजेच इम्पीडन्सचे आहे. संरोध जितका कमी, तितका स्पीकर विवर्धकाकडून अधिक प्रवाह ओढतो. २० व्होल्टच्या संकेतावर ८ ओहमचा स्पीकर २.५ अ‍ॅम्पिअर, तर ४ ओहमचा स्पीकर ५ अ‍ॅम्पिअर प्रवाह घेतो. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले तर एकत्रित संरोध ४ ओहम होतो. ४ ओहमचे दोन जोडले तर तो २ ओहमवर येतो आणि बहुतेक घरगुती रिसीव्हर हा भार पेलू शकत नाहीत. शिवाय स्पीकरवर छापलेला आकडा हा नाममात्र असतो, कारण ध्वनीच्या वारंवारतेनुसार संरोध बदलतो. आय.ई.सी. ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरचा संरोध ६.४ ओहमच्या खाली उतरू नये, असे अपेक्षित असते. रिसीव्हरच्या मागील बाजूस छापलेली किमान संरोधाची मर्यादा पाहूनच स्पीकर निवडणे इष्ट ठरते.

### उष्णता

रिसीव्हर बंद कपाटात ठेवणे, त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स किंवा डिस्क प्लेअर ठेवणे आणि झाकणावर विणलेला रुमाल पसरणे यांमुळे झरोके झाकले जातात. बऱ्याच माहितीपुस्तिकांत उपकरणाच्या वापरासाठी परिसराच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते. विदर्भात उन्हाळ्यात बाहेरील तापमान ४५ अंशांवर जाते. अशा दिवसांत थंडावा नसलेल्या खोलीत रिसीव्हर चालू करण्यापूर्वीच ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. हिवाळ्यात विनातक्रार चालणारा संच मे महिन्यात बंद पडू लागला, तर प्रथम उष्णतेचा विचार करणे सयुक्तिक असते.

### वीजपुरवठा

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे. सैल सॉकेट, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर अनेक उपकरणे असणे किंवा गावातील फीडरवर दाब कमी असणे यांमुळे मोठ्या आवाजाच्या क्षणी दाब आणखी घसरतो आणि रिसीव्हर बंद होतो. कमी क्षमतेच्या इन्व्हर्टरवर चालवतानाही असेच घडते.

परदेशातून आणलेल्या संचांच्या बाबतीत विशेष दक्षता आवश्यक असते. अमेरिकेतील पुरवठा १२० व्होल्ट व ६० हर्ट्झचा, तर जपानमधील १०० व्होल्टचा आहे. अमेरिकेत वास्तव्य करून परतणारी मराठी कुटुंबे आपले संच सोबत आणतात. केवळ त्या पुरवठ्यासाठी बनवलेला रिसीव्हर येथील सॉकेटला थेट जोडल्यास त्याचा फ्यूज उडतो व बरेचदा अंतर्गत भागही जळतात. दाब उतरवणारे रोहित्र मध्ये घातले तरी त्याची क्षमता रिसीव्हरच्या कमाल वीजवापराहून जास्त असावी लागते. क्षमता अपुरी असेल तर मंद आवाजात संच चालतो व आवाज वाढवताच बंद पडतो. शिवाय केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेले रोहित्र ५० हर्ट्झवर अधिक तापते आणि बाहेरील रोहित्राने हा फरक दूर होत नाही.

### अंतर्गत बिघाड

शॉर्ट झालेले शक्तिट्रान्झिस्टर, वयोमानाने क्षमता गमावलेली धारित्रे, तापण्या-निवण्याने तडकलेले डाख आणि झिजलेले रिले हे प्रमुख अंतर्गत दोष आहेत. विद्युत-अपघटनी धारित्रांचे आयुष्य तापमानाशी निगडित असते. ढोबळ मानाने तापमान १० अंशांनी वाढले की ते निम्मे होते. त्यामुळे वर्षानुवर्षे कोंदट कपाटात चाललेला संच लवकर जुना होतो. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवरील दमट, खारट हवेत जोडण्या गंजतात. झरोक्यांतून शिरलेली झुरळे, मुंग्या व पाली यांच्यामुळे परिपथावर शॉर्ट झाल्याचीही उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्यांकडे येतात.

### मांडणीमुळे बंद होणे

या प्रकारात उपकरणात कोणताही दोष नसतो. युरोपीय संघाच्या १२७५/२००८ या नियमानुसार वापरात नसलेली घरगुती उपकरणे ठरावीक वेळाने आपोआप स्टँडबायमध्ये जाण्याची सोय आवश्यक ठरली. आज अनेक रिसीव्हरांत ही सोय आढळते. ध्वनिसंकेत फार मंद असेल तर रिसीव्हरला तो नसल्यासारखाच वाटतो आणि चालू कार्यक्रमातही तो बंद होऊ शकतो. एच.डी.एम.आय.मधील सी.ई.सी. या नियंत्रण-सोयीमुळे एका उपकरणाची आज्ञा दुसऱ्याला मिळते. दूरचित्रवाणी संच, डिस्क प्लेअर आणि रिसीव्हर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर या आज्ञांचा कधीकधी गोंधळ उडतो. मांडणीच्या यादीतून या दोन्ही सोयी तात्पुरत्या बंद करून खात्री करता येते.

## निदानाची पद्धत

निदानाचे सूत्र असे की, रिसीव्हरला जोडलेले सर्व काही आधी वेगळे करावे आणि नंतर एकेक गोष्ट परत जोडत जावी. उपकरणाचे झाकण न उघडता पुढील क्रमाने तपासणी करता येते.

1. संकेतदिव्याचे लुकलुकणे व पडद्यावरील सूचना टिपून घ्यावी. प्लग काढून उपकरण पूर्ण थंड होऊ द्यावे.
2. प्लग काढलेला असतानाच स्पीकरच्या व एच.डी.एम.आय.च्या सर्व तारा सोडवाव्यात. कोणत्या तारेची जागा कोठे होती, याच्या चिठ्ठ्या लावाव्यात.
3. रिसीव्हर भिंतीवरील सॉकेटला थेट जोडून, आवाज अगदी कमी ठेवून, चालू करावा. काहीही जोडलेले नसताना तो बंद पडत असेल, तर दुसऱ्या खोलीतील सॉकेटवर पुन्हा पाहावे. तेथेही तेच घडले, तर दोष अंतर्गत असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी पुढील प्रयोग थांबवावेत.
4. रिसीव्हर चालू राहिला, तर दोष बहुधा बाहेर आहे. रिसीव्हरपासून सुटलेल्या प्रत्येक तारजोडीचा रोध मल्टिमीटरने मोजावा. ८ ओहमच्या स्पीकरसाठी तो सुमारे ५.५ ते ७ ओहम, तर ४ ओहमच्या स्पीकरसाठी सुमारे ३ ते ३.५ ओहम भरतो. शून्याजवळचा आकडा शॉर्ट दर्शवतो. रोध अनंत दिसल्यास तार किंवा वेटोळे तुटलेले असते.
5. निर्दोष आढळलेले स्पीकर एकेक करून जोडावेत. दर वेळी जोडण्यापूर्वी प्लग काढावा. जो स्पीकर जोडल्यावर रिसीव्हर बंद पडतो, तो दुसऱ्या चॅनेलला जोडून पाहावा. दोष स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकर किंवा त्याची तार सदोष असते. तो त्याच चॅनेलवर राहिला तर रिसीव्हरचे ते चॅनेल सदोष असते.
6. नंतर एच.डी.एम.आय.च्या तारा एकेक करून जोडाव्यात.
7. रिसीव्हर केवळ तापल्यावर बंद पडत असेल, तर तो कपाटाबाहेर मोकळ्या जागी ठेवून टेबलपंख्याच्या वाऱ्यात चालवून पाहावा. या स्थितीत तो चालू राहिला तर कारण उष्णता हेच ठरते.
8. शेवटचा उपाय म्हणून माहितीपुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने सूक्ष्मप्रक्रियक मूळ स्थितीत आणावा. त्यामुळे स्पीकरांची सर्व मांडणी पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे लागते.

## सुरक्षितता

संरक्षण परिपथ निकामी करून रिसीव्हर चालवणे धोक्याचे असते. फ्यूज उडाल्यास त्या जागी अधिक अ‍ॅम्पिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालू नये. वारंवार बंद पडणारा संच पुन्हापुन्हा चालू केल्यास दर वेळी सदोष भागातून मोठा प्रवाह वाहतो. एका ट्रान्झिस्टरच्या बिघाडाने मग त्याच्यासोबतचे भागही जळतात आणि थोडक्यात होणारी दुरुस्ती मोठी होऊन बसते. जळका वास, धूर किंवा स्पीकरमधून मोठी गुणगुण जाणवल्यास ताबडतोब प्लग काढावा.

प्लग काढल्यानंतरही मुख्य धारित्रांत विद्युतभार काही काळ टिकून राहतो. दोन्ही बाजूंना ५० व्होल्ट असल्यास टोकांमधील दाब १०० व्होल्ट होतो. स्टँडबायसाठी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा असलेल्या संचांत एका भागावर सुमारे ३२५ व्होल्टचा दिष्ट दाब असतो आणि त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून झाकण उघडण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे.

## दुरुस्ती

अनुभवी तंत्रज्ञ अशा संचाला थेट वीज देत नाहीत. पुरवठ्याच्या मार्गात एक साधा तारेचा बल्ब एकसर जोडला जातो. या जोडणीला तंत्रज्ञांच्या बोलीत 'सिरीज लॅम्प' म्हणतात. संचात शॉर्ट असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि प्रवाहावर मर्यादा राहून उरलेले भाग वाचतात. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तर मोठा शॉर्ट नाही असे समजतात.

त्यानंतर शक्तिट्रान्झिस्टर, त्यांना चालवणारे लहान ट्रान्झिस्टर व एमिटर रोधक तपासले जातात. शक्तिट्रान्झिस्टर जोडीने बदलणे, त्यांच्या व हीट सिंकच्या मध्ये उष्णतावाहक लेप नव्याने लावणे आणि स्थिर प्रवाह पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पुन्हा जुळवणे हे दुरुस्तीचे महत्त्वाचे टप्पे आहेत. यांपैकी शेवटचा टप्पा गाळल्यास संच काही दिवसांत पुन्हा तापून बंद पडण्याची शक्यता असते. दुरुस्तीसाठी संच देताना तो केव्हा व कसा बंद पडतो आणि स्पीकर काढल्यावर काय घडते, याची लेखी नोंद सोबत दिल्यास तंत्रज्ञाचा वेळ वाचतो व अनावश्यक भाग बदलले जाण्याची शक्यता कमी होते.

## प्रतिबंध

रिसीव्हरच्या वर व बाजूंना माहितीपुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा ठेवणे, झरोक्यांवरील धूळ प्लग काढून मऊ ब्रशने नियमित झाडणे आणि तारांच्या टोकांचे तंतू घट्ट पिळून किंवा बनाना प्लग लावून जोडणे हे मुख्य प्रतिबंधक उपाय आहेत. किमान संरोधाची मर्यादा पाळावी आणि वादळी पावसात प्लग काढून ठेवावा.

संचाची शक्तीही वास्तववादी दृष्टीने पाहावी लागते. 'प्रत्येक चॅनेलला १०० वॅट' असे छापलेल्या सात चॅनेलांच्या अनेक रिसीव्हरांवर एकूण वीजवापराचा आकडा ७०० वॅटहून कमी दिलेला असतो. याचे कारण, छापील शक्ती बहुधा दोनच चॅनेल चालू असताना मोजलेली असते. सर्व चॅनेल एकाच वेळी तेवढ्या शक्तीने चालवण्याची क्षमता त्या वीजपुरवठ्यात नसते. मोठ्या दिवाणखान्यात सतत उच्च आवाजात वापर होणार असेल, तर अधिक संवेदनशील स्पीकर किंवा वेगळा शक्तिविवर्धक जोडल्यास रिसीव्हरवरील भार कमी होतो.